काळा टर्टलनेक घेऊ का? आधी डोक्याचं आणि मानेचं माप घे

प्रश्न असा आहे: "काकू, मी २४ वर्षांची, राजारामपुरीत राहते. मला काळा टर्टलनेक घ्यायचाय. पण माझी मान आखूड आहे. मैत्रिणी म्हणतात, आखूड मानेला हायनेक शोभत नाही, आणि कोल्हापुरात एवढी थंडी तरी कुठं पडते? सणावाराला मी थुशी घालते, ती त्यावर जाईल का? घ्यावा की नको, आणि घेतला तर कसला? बाबांनाही एक घ्यायचा विचार आहे, ते ५८ वर्षांचे आहेत."

घे. मैत्रिणींचं म्हणणं निम्मं खरं आहे, निम्मं नाही. कुठलं निम्मं, ते ओघात येईलच. मी मंगळवार पेठेत घरीच विणायचं मशीन चालवते, एकतीस वर्षं झाली. शाळेच्या स्वेटरांवर घर चालतं, पण माझा जीव गळा विणण्यात आहे. हायनेकमध्ये बाकी सगळं सोपं असतं. बाह्या, पाठ, पोट कुणीही विणेल. चुकतो तो गळाच, म्हणून उत्तर जरा लांबेल.

दुकानात जाऊन "हायनेक दाखवा" म्हणालीस की दुकानदार दोन-तीन वेगळ्याच गोष्टी समोर टाकेल. त्यातला खरा टर्टलनेक म्हणजे सात-आठ इंच उंच विणलेली नळीसारखी कॉलर, जी मधोमध बाहेर दुमडायची. दुसरा मॉक नेक. त्याची कॉलर दोन-अडीच इंचांची, उभी असते आणि दुमडायची नसते. तिसऱ्याचा गळा सैल, पदरासारखा घोळदार पडतो. त्याला काउल म्हणतात, तो या प्रश्नात येत नाही. इंग्लंडात टर्टलनेकला पोलो नेक म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात पातळ हायनेकला स्किव्ही. आपल्याकडच्या माझ्या वयाच्या बायकाही स्किव्हीच म्हणतात. तेव्हा नावावर जाऊ नकोस, कॉलर हातात घेऊन बघ.

मराठीत आपण कापडही विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एक, काम मात्र अगदी निराळं. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. ते कापड धरून ओढलं तरी फारसं ताणत नाही. स्वेटरात एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवत जायचं, म्हणून तो ताणला जातो आणि परत जागेवर येतो. आपल्या भागाचा हात मागावर बसलेला. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी काढली, आणि शेजारी इचलकरंजी तर मागांचंच गाव. विणलेले स्वेटर मात्र आपल्याकडे बहुतेक लुधियान्याहून येतात आणि सुती होजिअरी तिरुपूरहून. हे सांगायचं कारण, दरवर्षी दोन-चार मुली टेलरकडून साध्या कापडाचा टर्टलनेक शिवून आणतात आणि तो डोक्यातून जात नाही म्हणून माझ्याकडे येतात. मागाच्या कापडाला उंच गळा करायचा तर पुढून उघडा ठेवून बटणं लावावी लागतात. तो झाला बंदगळा. पुढून न उघडता डोक्यातून जाणारा आणि वर मानेला अलगद धरून राहणारा गळा स्वेटरसारख्या फाशांनी विणलेल्या कापडाचाच होतो.

त्यातही कॉलर रिबचीच हवी. एक सुलट, एक उलट असे टाके घेत गेलं की सुलट टाक्यांच्या उभ्या ओळी पुढं येतात, उलट टाक्यांच्या मागं दबतात, आणि कापड पेटीच्या भात्यासारखं मिटून बसतं. ओढलं की उघडतं, सोडलं की मिटतं. आता माप बघ. तुझी मान तेरा इंचांच्या आसपास असेल आणि डोकं बावीसच्या. म्हणजे तेरा-चौदा इंचांची कॉलर घालताना बावीसपर्यंत उघडली पाहिजे आणि डोकं बाहेर आलं की पुन्हा मानेवर बसली पाहिजे. सगळी कसरत या आठ-नऊ इंचांची आहे. लहान पोरं हायनेक घालताना रडतात ते थंडीनं नाही रडत. विणणाऱ्या बाईनं शेवटची ओळ बंद करताना टाके घट्ट ओढलेले असतात. खालची रिब कितीही ताणणारी असो, वरची कड दोरीसारखी आवळते. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेच्या चाळीस स्वेटरांचे गळे मी याच कारणानं उसवून पुन्हा विणलेत. तेव्हापासून टाके बंद करताना मी दोन नंबर जाड सुई घेते.

दुकानात जाताना पर्समध्ये इंच टेप टाक. कॉलर आडवी धरून दोन्ही हातांनी ताण. सपाट धरल्यावर अकरा इंचांपर्यंत जायला हवी, म्हणजे घेर बावीस. मग सोड आणि पाच अंक मोज. तेवढ्यात ती होती तशी मिटली तर घे. लाटेसारखी वाकडी राहिली तर महिन्याभरात ती मानेपासून सुटून लोंबणार. दुसरी परीक्षा पुढच्या गळ्याच्या खोलीची. स्वेटर खांद्यावर खांदा ठेवून सपाट कर आणि पुढचा गळा मागच्यापेक्षा किती खाली उतरलाय ते बघ. निदान दोन इंच तरी उतरलेला हवा. स्वस्त मालात पुढचा-मागचा गळा एकसारखाच कापतात. मग कॉलर पुढून कंठावर चढते, आणि माणूस दिवसभर तिथं बोट घालून ती खाली ओढत बसतो. लोक म्हणतात, "मला हायनेक सोसत नाही, गुदमरतं." दहातल्या आठ जणांना हायनेक सोसतो. सोसत नाही तो चुकीचा कापलेला गळा.

आणखी एक बारीक खूण आहे, ती बघून विणणाऱ्याचा हात कळतो. कॉलरची उभी शिवण बघ. दुमडल्यावर कॉलरचा वरचा निम्मा भाग उलटा होतो, म्हणजे आतली बाजू बाहेर येते. जाणकार कारागीर ती शिवण निम्म्यापर्यंत आतून घेतो आणि वरची निम्मी बाहेरून, म्हणजे दुमडल्यावर ती कुठंच दिसत नाही. मानेमागं ओव्हरलॉक मशीनच्या शिवणीची जाड मिशी दिसली तर समज, घाईतला माल आहे.

आता शोभण्याचं. आखूड मानेचं मैत्रिणी म्हणतात ते दुमडायच्या कॉलरपुरतं खरं आहे. आरशासमोर सरळ उभी राहा आणि हनुवटीच्या खालपासून गळ्याच्या खळग्यापर्यंत चार बोटं आडवी लावून बघ. चार बोटं नीट मावली तर दुमडायचा टर्टलनेक बिनधास्त घाल. मावली नाहीत तर दुमडलेल्या कॉलरचे चार इंच हनुवटीखाली गोळा होणार आणि चेहरा खांद्यावर ठेवल्यासारखा दिसणार. अशा मानेला दोन इंचांचा, पातळ रिबचा मॉक नेक घ्यायचा. वरून पुढं उघडा राहणारा शर्ट किंवा जाकीट घाल, म्हणजे मधे उभी काळी पट्टी दिसते आणि अंग लांब वाटतं. केस वर बांध. माझ्या अनुभवात एवढ्यानं मान इंचभर वाढल्यासारखी दिसते. जाड केबलच्या वेण्यांचा स्वेटर मात्र तुझ्यासाठी नाही, तो लांब मानेच्या माणसाला सोड.

मानेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. एकदा एक पैलवान आला होता, तालमीतून थेट, अंगावरची माती नुकतीच धुतलेली. पहाटे मेहनतीला जाताना वारं लागतं म्हणून हायनेक हवा होता. टेप लावली तर मान साडेअठरा आणि डोकं तेवीस. मला वाटलं हे तर सोपं, कॉलर फार ताणायलाच नको. विणून दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो परत. स्वेटर डोक्यातून जात होता, पण त्याचे कान मोडलेले होते. वर्षानुवर्षं लढतीत घासून सुजलेले, कडक झालेले. घालताना-काढताना रिब कानाला घासायची आणि तो कळवळायचा. हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. मी कॉलर उसवली, पुढं सात इंचांची चेन बसवली आणि चेनच्या आतून सुती पट्टी दिली. तेव्हापासून माप घेताना मी कानही बघते. मोठे कान, कानात रोज कुडी-झुबे, चष्मा, जे असेल त्याचा गळ्याशी संबंध येतोच. तूही कानातलं काढूनच हायनेक घाल. झुब्याचा आकडा रिबमध्ये अडकला की एक टाका निसटतो आणि खालपर्यंत शिडी पडते.

दुसरी बाई थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आली होती. गळ्याच्या बुडाशी आडवा वण, अजून लालसर. तिला तो लोकांच्या नजरेआड हवा होता, पण बाजारातल्या हायनेकची कॉलर जिथं अंगाला जोडलेली असते ती शिवण नेमकी वणावर येत होती. मी पुढचा गळा नेहमीपेक्षा इंचभर खाली घेतला, म्हणजे जोड गळ्याच्या हाडाखाली गेला, आणि कॉलर पूर्ण सुती विणली. तिनं तो घालून आरशात पाहिलं आणि हात गळ्याशी नेला नाही. तोवर बोलताना तिचा हात सारखा तिथंच होता. कपड्यानं एवढं केलं तर मला पुरे.

हा कपडा फॅशनवाल्यांच्या हाती नंतर आला. आधी तो मेहनतीच्या माणसांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात पोलो खेळणारे असा उंच गळ्याचा स्वेटर घालायचे, म्हणून पोलो नेक. कोळी, खलाशी, गोदीतले कामगार घालायचे, कारण वाऱ्यात मफलर उडतो आणि दोरात अडकतो, कॉलर जागेवर राहते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्यांवरच्या नौसैनिकांना जाड पांढरट पोलो नेक असायचे. १९२० च्या दशकात नोएल कॉवर्ड या इंग्रज नाटककारानं शर्ट-टायऐवजी तो घालायला सुरुवात केली आणि शहरातल्या लोकांनी उचलला. महायुद्धानंतर पॅरिसच्या कॅफेंत बसणाऱ्या लेखक-गायकांनी काळा रंग पक्का केला. १९५७ च्या 'फनी फेस' सिनेमात ऑड्री हेपबर्न काळ्या टर्टलनेकमध्ये नाचली आणि तो बायकांच्याही कपाटात गेला. १९६० च्या दशकात अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीच्या माणसांनी चामड्याच्या काळ्या जाकिटाखाली तो घातला. टाय म्हणजे साहेबाची खूण, ती आम्हाला नको, असं न बोलता सांगायची ती सोय होती, असं मला वाटतं.

ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सची गोष्ट मला विणणारी म्हणून फार जवळची वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जपानला सोनी कंपनीत गेला, तिथं सगळे एकसारख्या गणवेशात. सोनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी त्याला सांगितलं की युद्धानंतर लोकांकडे कपडेच नव्हते, म्हणून कंपन्यांनी कपडे दिले आणि पुढं त्यातूनच आपलेपणा आला. सोनीचा गणवेश इस्से मियाके या डिझायनरनं केलेला. जॉब्सनं ॲपलसाठीही तसा करून घ्यायचं ठरवलं, पण त्याच्या माणसांनी तो साफ उडवून लावला. मग त्यानं मियाकेकडून स्वतःपुरते काळे टर्टलनेक करून घेतले, शंभरेक. ते खरं तर मॉक नेक होते, कॉलर न दुमडणारे. फोटो बघितलास तर कळेल, त्याची मान काही कमी लांब नव्हती, तरी त्यानं छोटी कॉलर निवडली. आपल्याला काय बरं वाटतं हे ओळखून माणूस त्यावर ठाम राहिला.

आता थंडीचं निम्मं, जिथं मैत्रिणी बरोबर आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, आणि दुपारी बारानंतर त्याच दिवशी ऊन चांगलंच चटकतं. जाकीट काढता येतं, शर्टाचं बटण सोडता येतं. हायनेकला सोडायला काही नाही. म्हणून कोल्हापुरात जाड लोकरीचा टर्टलनेक घेऊन पैसे घालवू नकोस, तो वर्षातून चार वेळा निघेल. तुला हवा पातळ, सुती रिबचा, ज्यात पाचेक टक्के लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, आहे. निव्वळ सुती कॉलर ताणली की परत येत नाही, लायक्रा तिला परत आणतं. ऑफिसात एसी असेल किंवा पुण्या-बंगळूरला जाणं असेल तर बारीक मेरिनो लोकर घे, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची. महाग असते, पण टोचत नाही. लोकर टोचते ती तिच्या तंतूच्या जाडीमुळं. तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू मानेच्या कातडीला काट्यासारखे लागतात, वीसच्या खालचे वाकतात. शिवाय लोकर घामाची वाफ शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही. ॲक्रेलिक स्वस्त, रंगाला पक्कं, पण मानेशी घाम धरतं आणि दोन-चार धुण्यांत हनुवटीखाली गोळे येतात. शाळेच्या स्वेटरांना मी तेच वापरते, कारण पोरं वर्षभरात उंचीनं वाढतात. तुझी उंची आता वाढायची नाही, तेव्हा तू टिकाऊ घे.

मान झाकली की अंगाला बरीच ऊब वाटते, हे मात्र खरं. २०२२ च्या हिवाळ्यात वीज वाचवण्यासाठी टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी लोकांना टर्टलनेक घालायला सांगितलं होतं. पन्हाळ्यावर जुलैच्या वाऱ्यात उभी राहशील तेव्हा ते पटेल.

थुशीचं विचारलंस ते मला सगळ्यात आवडलं. आपल्या गावात गळा म्हणजे दागिन्याची जागा. काळा, साधा, बिनचमकीचा विणलेला पुढा ही दागिन्यासाठी जरीच्या ब्लाऊजपेक्षा चांगली पार्श्वभूमी आहे, हे माझं ठाम मत. जरीशी सोनं भांडतं, काळ्या रिबवर एकेक मणी मोजता येतो. कोल्हापुरी साज छातीवर उतरतो, तो सरळ घाल, त्याची पानं स्पष्ट दिसतील. थुशी मात्र गळ्यालगत बसते. कॉलरवरून घालायची तर मॉक नेकवरच, आणि मागचा गोंडा दीड-दोन इंच सैल करून. आधी मण्यांच्या मागच्या बाजूनं बोट फिरव. कुठं तार वर आली असेल तर ती रिब ओढेल. दुमडलेल्या कॉलरवर थुशी घालू नकोस, ती घडीत रुतते आणि दिसत नाही. आणि मुहूर्त हवाच असेल तर संक्रांत आहे. काळं घालायचा आपला हक्काचा सण, तोही थंडीतला. काळी चंद्रकळा नेस आणि ब्लाऊजऐवजी हाच हायनेक घाल. दिल्लीकडच्या बायका लग्नसराईत साडीखाली हायनेक सर्रास घालतात. साडी मात्र नेहमीपेक्षा एक घडी पातळ नेस, कमरेशी जाडी वाढते.

धुवायचं थोडक्यात: उलटा करून, गार पाण्यात, हातानं. पिळू नकोस, पंच्यात गुंडाळून दाब. दोरीवर गळ्याला चिमटे लावून टांगला तर मी वर सांगितलेलं सगळं वाया गेलं समज. चटईवर सावलीत पसरून वाळव. काळा रंग उन्हात विटतो.

बाबांचं. ५८ व्या वर्षी नवा कपडा अंगाला लागायला वेळ लागतो. डोक्यातून घालताना हात वर न्यावे लागतात. खांदा आखडत असेल तर आधी विचार, आणि तसं असेल तर पैलवानाला दिली तशी चेनवाली कॉलर घे. रंग काळा नको, आपल्या बाबा लोकांना मरून किंवा बॉटल ग्रीन जास्त खुलतो. पण त्यांच्या बाबतीत मुख्य अडचण दाढीची. दोन दिवसांची खुंटं रिबमध्ये अशी रुततात की मान वळवताना कॉलर सोबत वळते आणि हनुवटीखाली तंतू उपटून निघतात. रोज दाढी करत असतील तर पातळ मेरिनो चालेल, एक दिवसाआड करत असतील तर गुळगुळीत, घट्ट विणीचा सुती मॉक नेक बघ. त्यांना घेऊन दुकानात जाशील तेव्हा दाढी केलेल्या दिवशी जाऊ नकोस. दोन दिवसांची वाढलेली असताना जा, कॉलर चढवायला सांग आणि "बाबा, जरा डावीकडं बघा, आता उजवीकडं" म्हण. कॉलर जागेवर राहिली तर तोच घे.